रोबोट घेऊ का ताई? आधी सांगा, कुठल्या तासासाठी

मागच्या अंकात डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालेल्या माणसांसाठी घरात वापरता येणाऱ्या यंत्रांवर चार ओळी लिहिल्या आणि मेलबॉक्स भरून गेला. बहुतेकांनी मोबाईलवर तो जपानचा पांढऱ्या सीलसारखा रोबोट बघितलाय, कोणी बोलणारा टेबललॅम्पसारखा डबा बघितलाय, आणि प्रश्न एकच, घेऊ का. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारी माणसांना रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारी, लोकांच्या घरी जाऊन काम करते, त्यामुळे मला यंत्रापेक्षा आधी घर दिसतं, म्हणून उत्तरं थोडी घरगुती वाटली तर चालवून घ्या. नावं काढलीत, गावं ठेवलीत, कारण गावाप्रमाणे उत्तर बदलतं, पावसात आपल्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात लाईट जाते तशी पणजीत जात नाही.

डिचोलीहून एक सून लिहितात: ताई, माझ्या सासूबाई 79 वर्षांच्या. अल्झायमर आहे असं डॉक्टरांनी सांगितलंय. दिवसभर बऱ्या असतात पण दिवेलागण झाली की सुरू, "चल गो, घरा वचूंया", म्हणजे घरी जाऊया. आम्ही त्यांच्याच घरात राहतो, लग्न होऊन इथेच आल्या, पण त्यांना मये गावचं माहेर हवं असतं आणि ते घर तर आता उभंच नाही. समजावून समजावून मी थकते, मग त्या रडतात, कधी हात उगारतात. धाकटे दीर कॅनडात असतात, त्यांनी पारो नावाच्या रोबोटचा व्हिडिओ पाठवला, पैसे मी घालतो म्हणाले. मिस्टर म्हणतात एवढे पैसे देऊन खेळणं कशाला. काय करू?

आधी मिस्टरांचं बघू. पारो खेळण्यासारखा दिसतो पण तेवढाच नाही. जपानच्या एआयएसटी या सरकारी संशोधन संस्थेतल्या ताकानोरी शिबाता यांनी 1993 पासून त्यावर काम केलं, 2005 पासून तो तिकडे विकला जातो आणि 2009 साली औषधं आणि उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने त्याला मेडिकल डिव्हाइस म्हणून मान्यता दिली. सीलचं पिल्लूच का, तर कुत्रा-मांजर सगळ्यांनी पाळलेलं असतं, खोटं लगेच ओळखू येतं, सील कोणी घरात पाळलाय? वजन पावणेतीन किलोच्या आसपास, म्हणजे मांडीवर घेतलं की तान्ह्या बाळाएवढं जाणवतं. फरच्या खाली स्पर्श, उजेड, आवाज कळणारे सेन्सर आहेत, कुरवाळलं की डोळे मिटतो, मान वळवतो, हाक मारत राहिलं तर त्या नावाला ओ द्यायला शिकतो. आणि चार्जर बाळाच्या चोखणीसारखा, तो तोंडातच लावायचा. ज्याने हे डिझाइन केलं त्याने घरातली म्हातारी माणसं बघितलीत एवढं नक्की.

आता उपयोग होतो का. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या 28 केअर होममध्ये 415 जणांवर एक मोठा अभ्यास झाला, 2017 मध्ये छापून आला. तीन गट केले, एकाला खरा चालू पारो, दुसऱ्याला तोच पारो पण आतलं यंत्र बंद, म्हणजे नुसता कापसाचा सील, आणि तिसऱ्याला नेहमीची काळजी, बाकी काही नाही. आठवड्यातून तीनदा, एका वेळी 15 मिनिटं, असं 10 आठवडे. पारोवाले नेहमीच्या काळजीवाल्यांपेक्षा जास्त खूश दिसले, अस्वस्थपणा थोडा कमी झाला. पण अस्वस्थपणाच्या बाबतीत चालू पारो आणि बंद पारो यांच्यात फारसा फरक निघाला नाही, चालू पारोशी लोक जास्त बोलले आणि त्याच्याकडे जास्त बघत राहिले, एवढाच काय तो मुद्दा. हे दिरांना जरूर वाचून दाखवा. पारो सहा हजार डॉलरच्या घरात जातो, म्हणजे पाच लाख आणि वर कस्टम, आणि त्यातला बराचसा फायदा मऊ काहीतरी मांडीवर असण्यात आहे.

म्हणून माझं म्हणणं, आधी म्हापशाच्या बाजारातून एक चांगलं जड मऊ मांजर किंवा बाहुली आणा, आणि सासूबाईंच्या हातात देऊ नका, त्या बसतात तिथे शेजारी ठेवून द्या आणि तुम्ही आपल्या कामाला लागा. घेतलं तर घेतलं. सत्तरीत एका घरी असं मांजर ठेवलं होतं, आजींनी ते उचललं, मांडीवर उलटं केलं आणि फर बाजूला सारून सारून गोचीड शोधायला लागल्या, चांगला अर्धा तास, नखाने एकेक काल्पनिक गोचीड काढून जमिनीवर टाकत. घरचे हसायला लागले, त्यांना मी बाहेर पाठवलं. त्या अर्ध्या तासात आजींनी एकदाही दाराकडे बघितलं नाही. सासूबाईंनी मऊ खेळण्याला हातच लावला नाही तर पाच लाखाच्या सीललाही लावतील याची काही गॅरंटी नाही.

मधला पर्याय पण आहे. अमेरिकेत हॅस्ब्रो कंपनीने 2015 मध्ये म्हाताऱ्यांसाठी म्हणून यांत्रिक मांजर काढलं, आता एजलेस इनोव्हेशन नावाची वेगळी कंपनी ते विकते, किंमत शे-सव्वाशे डॉलर. गुरगुरतं, कूस बदलतं, पोट वर करून लोळतं. वायफाय नको, अ‍ॅप नको, हे मला फार आवडतं. दिरांना येताना बॅगेतून आणायला सांगा. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा, त्याला मधल्या साईझचे चार सेल लागतात ते आपल्या गावच्या दुकानात सहज मिळत नाहीत, आणि ते धुता येत नाही, आपल्या जून-जुलैच्या हवेत त्या फरला बुरशी यायला वेळ लागणार नाही, तेव्हा रोज थोडा वेळ पंख्याखाली आणि रात्री कोरड्या कपाटात.

पण तुमचा खरा प्रश्न साडेपाच ते आठ हा आहे, आणि तो मी रोबोटच्या आधी बघितला असता. संध्याकाळचा अस्वस्थपणा डिमेन्शियात खूप जणांना होतो, पण त्याच्या खाली बरेचदा दुसरंच काहीतरी असतं, गुडघे दुखत असतात ते सांगता येत नाही, दोन दिवस पोट साफ झालेलं नसतं, लघवीचं इन्फेक्शन असतं, भूक लागलेली असते. हे अचानक वाढलं असेल तर लघवीची तपासणी पहिली. अंधार पडायच्या आधी, पाचलाच सगळे दिवे लावा, सावल्या लांब व्हायला लागल्या की गोंधळ वाढतो. चहा आणि काहीतरी पोटाला लागेल असं साडेचारला द्या. आणि "हेच तुमचं घर" हे सांगणं सोडा, त्याने आजवर काही झालेलं नाही, होणार पण नाही. चपला घालून "चला" म्हणा, फाटकापर्यंत जा, शेजारणीशी दोन शब्द बोला, मयेच्या घरात कोण कोण होतं ते विचारा, परत या. दुसऱ्या दिवशी परत तेच, हो, कंटाळा येतो, मला माहीत आहे.

दिरांना पैसे घालायचेच असतील तर त्यांना सांगा, गावातल्या एखाद्या शांत स्वभावाच्या बाईला रोज साडेचार ते साडेआठ ठेवायचे पैसे द्या. तुमच्या भागातला रेट काढा आणि पाच लाखांना त्याने भागा, किती महिने निघतात ते त्यांना कळवा. परदेशातून वस्तू पाठवणं सोपं वाटतं, दर महिन्याला पगार पाठवणं जड जातं, पण मदत दुसऱ्यातच आहे.

पेडण्याचा एक मुलगा दुबईहून लिहितो: ताई, आई गावात एकटी असते, 74 वर्षं, विसरायला लागलीय, गोळ्या दोनदा घेते किंवा घेतच नाही, एकदा गॅसवर कढई ठेवून शेजारी गेली. मला असा रोबोट हवाय जो तिला गोळ्या देईल, गॅस बघेल, तिच्याशी बोलेल आणि काही झालं तर मला फोन करेल. बजेटचा प्रॉब्लेम नाही.

बाबा, असा एक रोबोट नाही. बजेट कितीही असू दे. जाहिरातीत दिसतो तो हिंडणारा, बोलणारा, चहा आणून देणारा, तो आईच्या पेडण्याच्या घरात, उंबरे आणि शेणाने सारवलेलं अंगण आणि आत-बाहेर करणारी कोंबडी यांच्यात चालत नाही. अमेरिकेत एलिक्यू नावाचं बोलणारं यंत्र आहे, इस्रायली कंपनीचं, न्यूयॉर्क राज्याने 2022 पासून एकट्या राहणाऱ्या आठशेहून जास्त म्हाताऱ्यांना ते दिलं, ते स्वतःहून विचारतं आज पाणी प्यायलात का, फिरायला गेलात का. दक्षिण कोरियात ह्योडोल म्हणून नातवंडासारखी दिसणारी बाहुली आहे, तिथल्या नगरपालिका ती एकट्या म्हाताऱ्यांना वाटतात, ती गोळ्यांची आठवण करते आणि बराच वेळ हालचाल दिसली नाही तर कळवते. चांगलं आहे. पण एक बोलतं इंग्रजी आणि दुसरी कोरियन, आणि तुझी आई बोलते पेडण्याची कोंकणी, त्यात मराठी मिसळून, आणि तेही आता अर्धं वाक्य सोडून देत. आपल्याकडे मिळणाऱ्या स्पीकरपैकी अलेक्साला 2019 पासून हिंदी येतं, गुगलच्या असिस्टंटला फोनवर मराठी येतं, कोंकणीत "आयज कितें वार", म्हणजे आज वार कोणता, विचारलं तर दोघांची पंचाईत. आणि आठवणीच्या आजारात माणूस मागे मागे जातो, जी भाषा पहिली शिकला तीच बरेचदा शेवटी राहते, म्हणजे नेमकी जी भाषा यंत्राला येत नाही ती.

म्हणून एक रोबोट शोधू नकोस, एकेका कामाची वेगळी सोय कर. गोळ्यांसाठी कुलूपवाला डबा मिळतो, गोल, आत 28 खण, ठरलेल्या वेळी वाजतो आणि फक्त त्या वेळचा खण उघडा होतो. दोनदा घेण्याचा प्रश्न तिथे सुटतो. न घेण्याचा सुटत नाही, डब्यातून निघालेली गोळी तोंडातच जाते असं काही नाही, तुळशीच्या मातीत पुरलेल्या गोळ्या मी स्वतः बघितल्यात. तेव्हा डॉक्टरला विचार की सगळ्या गोळ्या दिवसातून एकाच वेळी आणता येतील का, आणि त्या वेळी शेजारच्या कोणी समोर उभं राहायचं. गॅसला ठराविक वेळानंतर आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह बसवून घे. इंडक्शन आणून देऊ नकोस, सगळे तेच करतात, आयुष्यभर गॅसवर माशांची कढी केलेल्या बाईला ती काचेची पाटी आणि तिच्यावरची बटणं आता शिकता येणार नाहीत, ती जेवायचंच सोडेल किंवा मागीलदारी चूल पेटवेल, आणि मग काय. दाराला साधा सेन्सर, रात्री दार उघडलं की शेजाऱ्याकडे बेल वाजेल असा. आणि परसात बांय, म्हणजे विहीर, आहे ना? तिचा कठडा किती उंच आहे ते आठव आणि येत्या सुट्टीत तिच्यावर लोखंडी जाळी बसवून जा, या सगळ्या यादीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू तीच, आणि तिला चार्जिंग लागत नाही.

नेट आणि लाईटचं पण बघ. राऊटर इन्व्हर्टरवर आहे का? नसेल तर पहिल्या वळवाच्या पावसात तुझं सगळं स्मार्ट घर मुकं. आणि ज्या यंत्राचा मेंदू कंपनीच्या सर्व्हरवर असतो ते कंपनी असेपर्यंतच जगतं. जिबो नावाचा एक गोड घरगुती रोबोट होता, 2017 मध्ये लोकांच्या घरी आला, खूप गाजला, कंपनी बुडाली आणि 2019 मध्ये त्याने स्वतःच मालकांना सांगितलं की माझे सर्व्हर आता बंद होणार आहेत. धडधाकट माणसं हळहळली. रोज त्याच्याशी बोलणाऱ्या आणि काल काय झालं ते न आठवणाऱ्या म्हातारीला हे कसं समजवायचं?

कॅमेरा लावायचा असेल तर तिला सांगून लाव, आज तिला समजतंय तोवर. खोलीत एक, दारात एक, बस. न्हाणीत आणि कपडे बदलायच्या जागी कधीच नाही, कितीही काळजी वाटली तरी. आणि तू तिथून बघून करणार काय, पडलेली दिसली तर? पाच मिनिटांत पोचेल अशा दोन माणसांचे नंबर असले पाहिजेत, त्यांना विचारून, गृहीत धरून नव्हे. कढई गॅसवर ठेवून बाहेर गेलेली बाई आता फार काळ एकटी राहू शकणार नाही, हे तुला दुबईत ऐकायला बरं वाटणार नाही, पण यंत्रांनी तुला विचार करायला काही महिने मिळतील, वर्षं मिळणार नाहीत. डाॅक्टरला एकदा दाखव मात्र नीट, बी-12 आणि थायरॉईड तपासून, कारण काही वेळा विसरणं त्यामुळे पण असतं आणि ते औषधाने बरंच सुधारतं.

म्हापशाहून एक वाचक, वय 81: मी आणि बायको दोघंच. तिला डिमेन्शिया आणि आता चालता येत नाही. पलंगावरून कमोडवर आणि परत, दिवसातून सहा-सात वेळा मी उचलतो. माझी कंबर गेली. जपानमध्ये उचलणारे रोबोट आहेत असं वाचलं. मिळतील का?

काका, नमस्कार. तुमचं पत्र मी पहिलं उघडलं होतं.

तुम्ही वाचलंत तो बहुतेक रोबेअर, अस्वलाच्या तोंडाचा, जपानच्या रिकेन संस्थेने 2015 मध्ये दाखवला होता. माणसाला पलंगावरून अलगद उचलून व्हीलचेअरमध्ये ठेवायचा. त्याचं स्वतःचं वजन 140 किलो. तो संशोधनापुरताच राहिला, बाजारात कधी आला नाही. आणि जपानमध्ये जे उचलणारे यंत्र केअर होममध्ये खरोखर वापरायला दिले त्यांचं काय झालं ते जेम्स राइट नावाच्या अभ्यासकाने तिथे महिनोन्महिने काढून बघितलंय, कर्मचाऱ्यांनी थोडे दिवस वापरले आणि मग कोपऱ्यात लावून ठेवले, कारण यंत्र खोलीखोलीतून ढकलत न्यायचं, पुसायचं, चार्ज करायचं, यात हातांनी उचलण्यापेक्षा जास्त वेळ जायचा. काम कमी होण्याऐवजी वाढलं. तिथे पगारी माणसं होती हो, तुम्ही तर एकटे.

तुम्हाला लागतात त्या वस्तू बिनडोक आहेत आणि म्हणूनच चांगल्या. पलंगाची उंची कमोडच्या सीटएवढी करून घ्या, पायाखाली ठोकळे घालून किंवा हॉस्पिटलचा खालीवर होणारा पलंग भाड्याने आणून, मग उचलायचं राहत नाही, सरकवायचं राहतं. दोघांच्या मध्ये गुळगुळीत लाकडी फळी, ट्रान्सफर बोर्ड म्हणतात, सुतार पण करून देईल, कडा मात्र गोल तासून. त्यांच्या कंबरेला हँडलवाला पट्टा, काखेत हात घालून उचलणं बंद, त्याने त्यांचा खांदा निखळू शकतो. कुठलाही फिजिओथेरपिस्ट एकदा घरी येऊन हे तुमच्याकडून चार वेळा करून घेईल. सर्जिकलच्या दुकानात हाताने पंप मारायचा पेशंट हॉइस्ट, म्हणजे माणसाला झोळीत उचलणारं चाकांचं यंत्र, पण मिळतो, तुमच्या खोलीत त्याची चाकं पलंगाखाली जातात का ते मोजून मगच.

पण एक गोष्ट सांगते जी आपल्याच गोव्यात होऊन गेली आणि आपल्यालाच माहीत नसते. 2008 साली गोवा मेडिकल कॉलेजचे डॉ. अमित डायस, मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगाथ संस्थेचे डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी दोन तालुक्यांतल्या 81 कुटुंबांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात रोबोट नव्हता, मोठी औषधं नव्हती. गावातल्या, कोंकणी बोलणाऱ्या, बेताचं शिक्षण झालेल्या लोकांना थोडं ट्रेनिंग दिलं आणि त्यांनी सहा महिने पंधरवड्यातून एकदा तरी घरी जायचं, आजार समजावून सांगायचा, उचलायचं कसं, राग आला तर काय करायचं ते दाखवायचं, सांभाळणाऱ्याचं ऐकून घ्यायचं, गरज असेल तर मागे डॉक्टर. सहा महिन्यांनी सांभाळणाऱ्यांची मनाची तब्येत, ज्यांच्याकडे अशा फेऱ्या झाल्या नव्हत्या त्या दुसऱ्या गटापेक्षा, चांगली निघाली. हे जगभर दाखला म्हणून वाचलं जातं, आणि आपण यूट्यूबवर अस्वल शोधतोय. देशात साठीच्या पुढच्या जवळपास 88 लाख लोकांना डिमेन्शिया असावा असा 2023 मध्ये छापलेला अंदाज आहे, इतक्या घरांत रोबोट कोण नेणार आहे, पण पंधरवड्याला एक ताई जाऊ शकते. मला तर वाटतं सरकारने अंगणवाडीसारखंच हे पण कधीच सुरू करायला हवं होतं, असो, तो माझा जुना राग आहे.

काका, बांबोळीला जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, दाखवून घ्या, तिथून पुढची माहिती मिळेल. ज्येष्ठांसाठी 14567 ही हेल्पलाईन आहे, आणि तुमचं स्वतःचं मन जड झालं असेल तर टेलिमानस ही मनाच्या आरोग्याची हेल्पलाईन, 14416, फुकट आहे. हे दुसरं तुमच्यासाठी लिहिलंय, काकींसाठी नाही.

मडगावहून एक मुलगी विचारते: बाबांना बॅटरीवाला कुत्रा आणून दिला तर ते खोटं बोलणं नाही का? ते त्याला खरा समजले तर?

होऊ शकतं, समजतील. आपण स्वतःहून "बघा बाबा कुत्रा आणलाय, भुकेला आहे" असं नाटक करू नये असं मला वाटतं, वस्तू ठेवायची, ते जे म्हणतील त्याला मान डोलवायची. त्यांनी सरळ विचारलं, हा खरा का, तर सरळ सांगायचं, नाही बाबा, बॅटरीचा आहे. खूप जण हे कळून पण मांडीवर घेतात. काहींना मात्र अपमान वाटतो, मी काय लहान मूल, आणि त्यांचं बरोबर असतं, मग तो कुत्रा त्याच दिवशी कपाटात, "किती पैसे घातलेत" हे ऐकवायचं नाही. पाहुण्यांसमोर आणि नातवंडांच्या व्हिडिओसाठी तर बिलकूल काढायचा नाही. आणि बाबांचा डिमेन्शिया कुठल्या प्रकारचा ते डॉक्टरला विचारलंत का? ल्युई बॉडी प्रकारात माणसांना तसंही नसलेले प्राणी, माणसं दिसतात, तिथे स्वतःहून मान हलवणारा कुत्रा अंधारात बघून ते घाबरू शकतात. तसं असेल तर मी नको म्हणेन.

फोंड्याहून एक निवृत्त शिक्षक: आपण सगळे "त्यांच्यासाठी काय घ्यावं" असं लिहिता. मला स्वतःला सुरुवातीचा अल्झायमर आहे, निदान होऊन थोडेच दिवस झालेत, हे पत्र मी स्वतः टाईप करतोय, वेळ लागतो पण होतं. माझ्यासाठी मी काय घ्यावं?

सर, बरं केलंत लिहिलंत. तुमचं पत्र या सगळ्यांच्या वर छापायला हवं होतं, पण संपादकांना लांब पत्रं आधी आवडतात.

तुमच्याकडे बाकी कोणाकडे नाही ती गोष्ट आहे, वेळ. नवीन वस्तू वापरायची सवय आता लागली तर पुढे ती हातात राहते, दोन वर्षांनी मुलाने आणलेलं तेच यंत्र परकं वाटेल. म्हणून जे काही घ्यायचं ते आत्ता घ्या, थोडं आणि साधं. माझ्या मते तीनच. एक मोठं घड्याळ ज्यावर वार, तारीख आणि "सकाळ", "संध्याकाळ" असं मराठीत लिहून येतं, जुन्या टॅबलेटवर पण करता येतं. दुसरं, फोनवरचा असिस्टंट, मराठीत, रोज तेच चार प्रश्न विचारायचे, आज वार कोणता, माझी गोळी कधी, मुलाला फोन लाव, बातम्या लाव, तेच शब्द, रोज. तिसरं, लोकेशन दाखवणारं घड्याळ, तुम्ही फोंड्याच्या बाजारात एकटे जाता तोवर जात राहावं म्हणून, आणि ते कोणी बघायचं, बायकोने की मुलाने की दोघांनी, ते तुम्ही ठरवा.

आठवणीची रिमाइंडरं तुमच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवा. "गोळी घे रे" हे कुठल्यातरी बाईच्या यांत्रिक आवाजात ऐकून माणूस चिडतो, स्वतःचा आवाज ऐकून चिडेल की नाही सांगता येत नाही, पण शिक्षकाचा आवाज आहे, बहुतेक ऐकाल.

आणि एक कागद करा. घरात कॅमेरा चालेल का, कुठे चालेल, पुढे बोलणारा रोबोट किंवा ते मांजर माझ्या मांडीवर ठेवलेलं मला चालेल का, मला कोणी आंघोळ घातलेली चालेल आणि कोणी नाही, हे सगळं आज, स्वतःच्या अक्षरात. 2017 च्या मेंटल हेल्थकेअर कायद्यात आपल्या उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवायची आणि आपल्या वतीने बोलणारा माणूस नेमायची सोय आहे, फोंड्यातल्या एखाद्या वकिलाकडे जाऊन बँकेचं, घराचं आणि हे, एकाच फेरीत उरकून घ्या. कागदाची एक प्रत बायकोकडे, एक मुलाकडे, आणि जमलं तर तुमच्या डॉक्टरच्या फाईलला एक.